‘सॉरी’, माफी आणि तौबा



आपल्या घराघरांत घडणारा एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. थोरल्या भावाने धाकट्याची नवी कंपासपेटी न विचारता शाळेत नेली आणि हरवली. धाकटा रडत आईकडे आला. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “अरे, सॉरी म्हण त्याला.” थोरल्याने मान वर न करता ‘सॉरी’ म्हटले. तरीही धाकट्याचे रडे थांबेना, तेव्हा थोरलाच चिडला, “सॉरी म्हटलं ना! आता आणखी काय?”

मुलाने हा प्रश्न रागाच्या भरात विचारला. परंतु प्रश्न महत्त्वाचा आहे. चूक झाली, ‘सॉरी’ म्हटले, आता आणखी काय उरले? पेटी तर अजून हरवलेलीच आहे. धाकट्याचे मन दुखावलेलेच आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याची वस्तू न विचारता उचलणार नाही, असेही थोरल्याने ठरवलेले नाही. म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याच्या वाट्याला काहीच आले नाही, आणि ज्याने नुकसान केले तो मात्र स्वतःला मोकळा समजून बसला.

मोठ्या माणसांच्या जगातही हेच घडते. उसने पैसे वर्षभर परत न करणारा भेटला की ‘सॉरी’ म्हणतो. चारचौघांत भावाचा अपमान करणारा एकांतात ‘सॉरी’ म्हणतो. आपल्या रोजच्या बोलण्यात हा इंग्रजी शब्द इतका मुरला आहे की, माफी मागणे, पश्चात्ताप होणे, तौबा करणे या सर्वांची जागा त्या एकट्याने घेतली आहे. पण हे सगळे शब्द खरोखर एकाच अर्थाचे आहेत काय? नसतील, तर एका शब्दाच्या आडोशाने आपण कोणते कर्तव्य विसरत चाललो आहोत? या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

‘सॉरी’ नेमके काय सांगतो?

कोणत्याही शब्दावर अन्याय करू नये, म्हणून आधी या शब्दाचे मूळ पाहू. ‘सॉरी’ हा जुन्या इंग्रजीतील शब्द आहे. शरीराचा दुखरा भाग किंवा व्रण यासाठी इंग्रजीत ‘सोअर’ असा शब्द आहे. ‘सॉरी’ त्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ ‘दुखावलेला’, ‘वेदनेने भरलेला’. म्हणजे ‘आय ॲम सॉरी’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगते : मला वाईट वाटते आहे. कोणामुळे वाटते, चूक कोणाची, आणि आता पुढे काय, याविषयी हा शब्द मौन बाळगतो.

म्हणूनच इंग्रजी बोलणारा माणूस मयताच्या घरी गेला, तरी हाच शब्द वापरतो. तेथे त्याची काही चूक नसते. तो केवळ दुःखात सहभागी होत असतो. रस्त्यात धक्का लागला तर ‘सॉरी’, नीट ऐकू आले नाही तर ‘सॉरी’, आणि एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले तरी ‘सॉरी’. इतकी निरनिराळी ओझी वाहणारा शब्द हलका झाला, तर त्यात नवल नाही.

कॅनडात या अर्थभेदाची दखल कायद्यानेच घेतली आहे. तेथील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००६ साली, आणि ऑन्टॅरिओ प्रांतात २००९ साली असा कायदा झाला की, कोणी खेद व्यक्त केला अथवा ‘सॉरी’ म्हटले, तर तेवढ्यावरून त्याने दोष कबूल केला असे न्यायालयात मानले जाणार नाही. या कायद्यांचा हेतू चांगला आहे. दाव्याच्या भीतीने डॉक्टरने रुग्णाच्या नातेवाइकांशी सहानुभूतीचा शब्दही बोलू नये, अशी वेळ येऊ नये. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : खेद ही एक गोष्ट आहे आणि दोषाची कबुली ही दुसरी. ‘सॉरी’ पहिलीविषयी खात्रीने बोलतो, दुसरीविषयी नाही.

इंग्रजीत याच परिसरातले आणखी शब्द आहेत. ‘अपॉलॉजी’ म्हणजे आज क्षमायाचना. पण तिचे ग्रीक मूळ पाहिले, तर त्याचा अर्थ ‘बचावाचे भाषण’ असा आहे. प्लेटोच्या ज्या ग्रंथाला हे नाव आहे, त्यात सॉक्रेटिस न्यायसभेपुढे क्षमा मागत नाही, तर आपली बाजू मांडतो. ‘एक्स्क्यूज’चे लॅटिन मूळ ‘आरोपातून बाहेर काढणे’ हे आहे. म्हणजे खेद, बचाव आणि सबब या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी राहतात, आणि माणूस नकळत एका घरातून दुसऱ्या घरात शिरतो. “सॉरी, पण तूही तसंच बोलला होतास.” “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.” पहिल्या वाक्यात ‘पण’ येताच खेद संपला आणि बचाव सुरू झाला. दुसऱ्या वाक्यात तर चूक बोलणाऱ्याची उरलीच नाही. ज्याला वाईट वाटले, त्याच्या हळवेपणाची झाली.

दिलगिरी आणि पश्चात्ताप

‘सॉरी’ला आपल्या भाषेत सर्वांत जवळचा शब्द ‘दिलगिरी’ हा आहे. तो फारसीतून आला. ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. मनाला धरून बसलेले दुःख म्हणजे दिलगिरी. वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी ‘दिलगीर आहोत’ असे छापून येते. तेथेही खेद आहे. क्षमेची याचना असेलच असे नाही.

‘पश्चात्ताप’ याच्या एक पायरी पुढे जातो. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर आणि ‘ताप’ म्हणजे पोळणे. केलेल्या कृत्याने नंतर मनाला बसणारा चटका म्हणजे पश्चात्ताप. अरबी-उर्दूत यालाच ‘नदामत’ म्हणतात. मात्र येथेही सावध राहावे लागते. चोरी पकडली गेल्यावर चोरालाही पस्तावा होतो. पण तो चोरीचा असतो की पकडले जाण्याचा?

पवित्र कुरआनातील हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांचा वृत्तांत आठवा. भावाला विहिरीत टाकून ते रात्री पित्यापाशी आले, तेव्हा ते रडत होते (सूरह यूसुफ, १२:१६). चेहऱ्यावर दुःख होते, डोळ्यांत पाणी होते आणि हातात खोट्या रक्ताने माखलेला सदरा होता. अश्रू होते, पण कबुली नव्हती. अनेक वर्षांनी मिस्रमध्ये (इजिप्तमध्ये) त्याच भावासमोर उभे असताना, आपणच अपराधी होतो हे त्यांनी उघडपणे मान्य केले (१२:९१), आणि हजरत यूसुफ (अ.) यांनी त्याच क्षणी त्यांना दोषमुक्त करून त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमेची दुआ केली (१२:९२). पहिल्या वेळचे रडणे त्यांना काहीही मिळवून देऊ शकले नाही. कबुलीचे एक वाक्य मात्र त्यांना भावाच्या छायेत घेऊन आले.

‘माफ’ करणे कोणाच्या हाती?

आता ‘माफ’ या शब्दाकडे वळू. अरबीतील ‘अफ्व’ याच धातूचा ‘मुआफ’ हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि ‘माफ’ झाला. तो केवळ मुस्लिमांच्या बोलीपुरता राहिला नाही. शेतसारा माफ, फी माफ, कर्जमाफी हे शब्द महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात पोहोचले आहेत.

या ‘कर्जमाफी’ शब्दातच माफीचे सगळे मर्म आहे. कर्जमाफी कोण जाहीर करतो? ज्याचे येणे आहे तो, किंवा त्याचे येणे चुकते करण्याची जबाबदारी घेणारा. कर्ज घेणाऱ्याने कितीही खेद व्यक्त केला, तरी त्याच्या बोलण्याने खात्यावरचा आकडा पुसला जात नाही. ‘सॉरी’ आणि ‘माफी’ यांतला मूलभूत फरक हाच. ‘सॉरी’ म्हणणे माझ्या हाती आहे. माफी मात्र ज्याचे मी नुकसान केले त्याच्या हाती आहे. मी ती मागू शकतो. स्वतःच स्वतःला देऊ शकत नाही, आणि दुसऱ्याकडून हिसकावून तर मुळीच घेऊ शकत नाही. “सॉरी म्हटलं ना!” असे दरडावणारा मनुष्य नेमके हेच करीत असतो.

अफ्व, सफ्ह आणि मग्फिरत

क्षमेसाठी पवित्र कुरआनात तीन शब्द वारंवार येतात. मराठीत आपण तिन्हींचा अनुवाद ‘क्षमा’ असा करतो, पण प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

‘अफ्व’ म्हणजे पुसून टाकणे. वाळवंटात वारा पावलांच्या खुणा पुसून टाकतो, तेव्हा अरबीत हाच धातू वापरतात. अपराधाची नोंद असूनही शिक्षा न करणे आणि ती नोंद मिटवणे, हा अफ्वचा अर्थ.

‘सफ्ह’ या शब्दात बाजू वळवणे, तोंड फिरवणे हा भाव आहे. पानाला उर्दूत ‘सफहा’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. झालेली गोष्ट उगाळत न बसणे, टोमणे न मारणे, पान उलटून पुढे जाणे म्हणजे सफ्ह. कित्येकदा आपण शिक्षा तर करीत नाही, पण दहा वर्षे टोमणे मारत राहतो. तेथे अफ्व असतो, सफ्ह नसतो.

‘मग्फिरत’च्या मुळाशी झाकणे आणि सुरक्षित ठेवणे हा अर्थ आहे. युद्धात डोक्याच्या रक्षणासाठी घालावयाच्या शिरस्त्राणाला अरबीत ‘मिग्फर’ म्हणतात. मक्का-विजयाच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) शहरात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या मस्तकावर मिग्फर होते, असे सहीह बुखारीत नमूद आहे. अल्लाहची मग्फिरत म्हणजे दासाचे पाप झाकणे आणि त्याच्या परिणामापासून त्याला वाचवणे. आपण ‘अस्तग्फिरुल्लाह’ म्हणतो, तेव्हा हेच आच्छादन मागत असतो.

हे तिन्ही शब्द सूरह अन्-नूरच्या एकाच आयतीत (२४:२२) एकत्र आले आहेत, आणि त्या आयतीची पार्श्वभूमी हृदयस्पर्शी आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याविरुद्ध दांभिकांनी कुभांड रचले, तेव्हा काही भोळे मुस्लिमही त्या अपप्रचारात ओढले गेले. त्यांत मिस्तह बिन उसासा हेही होते. ते हजरत अबू बक्र (रजि.) यांचे आप्त, गरीब मुहाजिर, आणि त्यांचा खर्च हजरत अबू बक्र (रजि.) हेच चालवीत असत. आपल्याच अन्नावर जगणाऱ्या माणसाने आपल्या निर्दोष कन्येविषयी असे बोलावे, याचे दुःख कोणत्या पित्याला होणार नाही? त्यांनी यापुढे मिस्तहला मदत न करण्याची शपथ घेतली. तेव्हा ही आयत अवतरली. तिचा आशय असा की, सुस्थितीतील लोकांनी नातलगांना, गरिबांना आणि मुहाजिरांना मदत न करण्याची शपथ घेऊ नये. त्यांनी माफ करावे, दुर्लक्ष करावे. अल्लाहने आपल्याला क्षमा करावी असे त्यांना आवडणार नाही काय? हे ऐकताच हजरत अबू बक्र (रजि.) यांनी अल्लाहची क्षमा आपल्याला हवी आहे असे सांगितले आणि मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला.

येथे माणसांसाठी ‘अफ्व’ आणि ‘सफ्ह’ हे शब्द आले, आणि अल्लाहकडून मिळणाऱ्या बदल्यासाठी ‘मग्फिरत’. क्षमा करणारा स्वतःही क्षमेचा गरजू आहे, ही जाणीव या शब्दयोजनेत आहे.

तौबा : परत फिरणे

आतापर्यंत पाहिलेले शब्द एक तर मनाच्या अवस्थेविषयी होते, नाही तर समोरच्याच्या उदारतेविषयी. ‘तौबा’ हा शब्द मात्र अपराध करणाऱ्याच्या पावलांविषयी आहे. तौबा म्हणजे परतणे. चुकीच्या रस्त्याने चाललेला प्रवासी “मी रस्ता चुकलो, मला वाईट वाटते” असे म्हणत त्याच दिशेने चालत राहिला, तर तो घरी पोहोचणार नाही. त्याला थांबावे लागेल, वळावे लागेल आणि उलट चालावे लागेल.

म्हणूनच विद्वानांनी तौबाच्या अटी स्पष्ट केल्या आहेत. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या ग्रंथात त्या मांडल्या आहेत. अपराध अल्लाह आणि दास यांच्यामधला असेल तर तीन अटी : ते कृत्य तत्काळ सोडणे, केल्याचा मनापासून पश्चात्ताप होणे, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. अपराधात एखाद्या माणसाचा हक्क गुंतला असेल, तर चौथी अट : त्याचा हक्क त्याला परत करणे. मालमत्ता असेल तर परत द्यावी. इतर अन्याय असेल तर त्याच्याकडून मोकळीक मिळवावी. या चौकटीत ‘सॉरी’ची जागा कोठे आहे? फार तर दुसऱ्या अटीच्या उंबरठ्यावर. उरलेल्या तीन अटींना तो शब्द स्पर्शही करीत नाही.

पश्चात्ताप हीच तौबा होय, अशा आशयाची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. त्यावरून कोणी असे समजू नये की, केवळ वाईट वाटले म्हणजे काम झाले. खरा पश्चात्ताप हा तौबाचा गाभा आहे. तो झाला की उरलेल्या गोष्टी त्याच्या मागोमाग येतात. येत नसतील, तर तो पश्चात्तापच तपासून पाहिला पाहिजे.

मानवी इतिहासाच्या आरंभीच या विषयाचा धडा दिलेला आहे. आज्ञाभंग इब्लीसकडूनही झाला आणि हजरत आदम (अ.) व हजरत हव्वा यांच्याकडूनही झाला. इब्लीसने आपल्या मार्गभ्रष्टतेचे खापर थेट अल्लाहवर फोडले (सूरह अल्-आराफ, ७:१६). हजरत आदम (अ.) आणि हव्वा यांना तर शैताननेच फसवले होते, त्यांच्यापाशी सबब तयार होती. तरीही त्यांनी शैतानचे नाव घेतले नाही. आपणच आपल्यावर अन्याय केला, असे म्हणून त्यांनी क्षमा व दया मागितली (७:२३). सबब सांगणारा धुत्कारला गेला. कबुली देणाऱ्यांची तौबा स्वीकारली गेली.

सहाबांच्या जीवनात याचे सर्वांत तपशीलवार उदाहरण हजरत काब बिन मालिक (रजि.) यांचे आहे. हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेत सामील होण्याचा सर्वांना आदेश होता. काब (रजि.) यांच्यापाशी सवारी होती, प्रकृती उत्तम होती; पण ‘आज निघू, उद्या निघू’ करता करता ते मागेच राहिले. प्रेषित (स.) परतले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक आले, शपथा घेऊन सबबी सांगू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचे वरकरणी बोलणे मान्य केले आणि अंतःकरणातील गोष्ट अल्लाहवर सोपवली. काब (रजि.) वाक्पटू होते. एखादी पटणारी सबब सांगून ते सहज सुटू शकले असते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पण त्यांनी सत्य सांगितले : माझ्यापाशी काहीही सबब नव्हती.

या सत्याची किंमत मोठी होती. पन्नास रात्री त्यांच्याशी आणि त्यांच्यासारखेच खरे बोललेल्या मुरारा बिन रबीअ व हिलाल बिन उमय्या (रजि.) यांच्याशी कोणीही बोलले नाही. शेवटी त्यांची तौबा स्वीकारल्याची वार्ता कुरआनातच आली (सूरह अत्-तौबा, ९:११८). आनंदवार्ता आणणाऱ्याला काब (रजि.) यांनी अंगावरचे कपडे काढून दिले. आपली संपत्ती दान करण्याची तयारी त्यांनी दाखवली, आणि यापुढे नेहमी सत्यच बोलण्याचा निर्धार केला. ऐंशी जण एका वाक्यात सुटले. तिघे पन्नास दिवस तळमळले. आज आपण कोणाचे नाव आदराने घेतो, हे सांगण्याची गरज नाही.

बंद्यांचे हक्क आणि आपली घरे

आता हा विषय आपल्या घरात आणू या, कारण खरी कसोटी तेथेच आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह आपल्या कृपेने माफ करील, अशी आपल्याला आशा आहे. पण माणसांच्या हक्कांची गोष्ट वेगळी आहे. शहीदाचे सर्व अपराध माफ होतात, कर्ज मात्र नाही, असे सहीह मुस्लिममधील हदीसवरून कळते. त्याच ग्रंथात प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण हे समजावून दिले आहे : जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली, कोणावर आळ घेतला, कोणाचा माल खाल्ला; त्याची पुण्ये एकेका पीडिताला वाटली जातील, आणि पुण्ये संपली की पीडितांची पापे त्याच्यावर लादली जातील. तेथे ‘सॉरी’ चालणार नाही, हिशेब चालेल.

तीन ठिकाणी आपण विशेष सावध राहिले पाहिजे.

पहिले, मेहर. आपल्या समाजात अशी प्रथा दिसते की, आयुष्यभर मेहर दिला जात नाही, आणि पतीचा जनाजा उठण्यापूर्वी शोकाने खचलेल्या पत्नीला नातलग म्हणतात, “मेहर माफ केला म्हणा.” ती काय म्हणणार? कुरआनाने सांगितले आहे की, पत्नीने स्वखुशीने काही सोडले तरच ते पतीला हलाल आहे (सूरह अन्-निसा, ४:४). जनाजाजवळ, चार माणसांच्या दडपणाखाली निघालेला ‘माफ’ हा उच्चार आहे. त्याला स्वखुशी म्हणता येईल काय? कोकणातील शाफई असोत वा देशावरील हनफी, मेहर हे पतीवरचे कर्ज आहे यात मतभेद नाही. ते जिवंतपणी, आपल्या हाताने द्यावे.

दुसरे, बहिणीचा वारसाहक्क. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा अल्लाहने निश्चित केला आहे, मालमत्ता थोडी असो वा अधिक (४:७). तरीही कागदपत्रांच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि “माहेर तुटायला नको” या भीतीने ती सही करते. नंतर भाऊ अभिमानाने सांगतात, “बहिणीने माफ केलं.” बंधूंनो, प्रथम तिचा हिस्सा तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने आपल्या मर्जीने काही परत दिले, तर ते खरे देणे. माहेर गमावण्याच्या भीतीपोटी केलेल्या सहीला ‘माफी’ म्हणणे, हा त्या सुंदर शब्दावरही अन्याय आहे.

तिसरे, सामूहिक माफी. हजला निघताना घरोघरी जाऊन “कहा-सुना माफ करना” म्हणण्याची आपली जुनी रीत चांगली होती. तीत निदान माणूस माणसासमोर उभा राहत असे. आता शबे-बरात किंवा रमजान आला की एकच संदेश फोनवरून दोनशे जणांना पाठवला जातो : ‘कळत-नकळत मन दुखावले असेल तर माफ करा.’ त्यांतल्या एकशे नव्वद जणांना आपण कधी दुखावलेलेच नसते. आणि ज्या एका चुलतभावाशी बांधावरून चार वर्षे बोलणे बंद आहे, तो त्या यादीतच नसतो. ज्याने कोणाच्या अब्रूला वा अन्य हक्काला धक्का लावला असेल, त्याने आजच मोकळीक मिळवावी, तो दिवस येण्यापूर्वी जेव्हा दीनार आणि दिरहम उपयोगी पडणार नाहीत, असा सहीह बुखारीतील हदीसचा आशय आहे. त्यात ‘आजच’ हे महत्त्वाचे, आणि ‘त्याच्याकडून’ हेही तितकेच महत्त्वाचे.

निंदानालस्तीच्या बाबतीत अनेक विद्वानांनी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. आपण केलेली निंदा त्या माणसाला ठाऊकच नसेल आणि सांगितल्याने वैर वाढणार असेल, तर त्याच्यासाठी दुआ करावी, आणि ज्या बैठकीत निंदा केली त्याच बैठकीत त्याचे गुण सांगावेत. बिघडवले तेथेच सुधारावे, हे तौबाचे तत्त्व येथेही कायम आहे.

आपले शब्दही झिजतात

या सर्व विवेचनाचा अर्थ असा नव्हे की दोष इंग्रजी भाषेचा आहे, आणि अरबी शब्द उच्चारला की कर्तव्य संपले. कानाच्या पाळ्यांना हात लावून ‘तौबा तौबा’ म्हणणे ही आपल्याकडे केवळ आश्चर्य दाखवण्याची लकब झाली आहे. ‘अस्तग्फिरुल्लाह’ तर आपण बहुधा दुसऱ्याचे पाप ऐकून म्हणतो! प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः दिवसातून सत्तरहून अधिक वेळा इस्तिग्फार करीत असत, हे सहीह बुखारीत आले आहे. तो इस्तिग्फार कोणा शेजाऱ्याच्या चुकीबद्दल नव्हता. मन हजर नसेल तर अरबी शब्दही ‘सॉरी’इतकाच हलका होतो, आणि मन हजर असेल, हक्क परत केला जात असेल, तर ‘सॉरी’ या शब्दानेही आरंभ करण्यास हरकत नाही. तो केवळ आरंभ आहे, शेवट नाही, एवढे लक्षात असावे.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठीही दोन शब्द. बरोबरीचा बदला घेण्याचा हक्क शरीअतने नाकारलेला नाही. परंतु जो माफ करील आणि समेट घडवील, त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे (सूरह अश्-शूरा, ४२:४०). कोणी खऱ्या मनाने, हक्क हातात घेऊन दाराशी आला, तर दार बंद करू नका. आपल्यालाही एक दिवस एका दाराशी उभे राहायचे आहे.

आता त्या दोन भावांकडे परत जाऊ. यापुढे आपल्या मुलाकडून चूक झाली तर “सॉरी म्हण” एवढ्यावर थांबू नका. त्याला जवळ बसवा आणि शांतपणे चार प्रश्न विचारा. तू काय केलंस? त्यामुळे भावाचं काय नुकसान झालं? ते तू कसं भरून देशील? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करशील? कदाचित तो आपल्या ईदीतून नवी पेटी आणून देईल. कदाचित स्वतःची पेटी भावाला देऊन काही दिवस पेन्सिल उसनी मागत फिरेल. मग तो धाकट्याकडे जाऊन माफी मागेल, तेव्हा धाकट्याला “माफ केलं” म्हणण्याचा खरा आनंद मिळेल. आणि त्या रात्री थोरल्याला आपण दोन ओळींत सांगू शकू की, बाळा, आज तू जे केलंस, त्यालाच तौबा म्हणतात.

अल्लाह आपल्याला चूक ओळखण्याची दृष्टी देवो, ती कबूल करण्याचे धैर्य देवो, आणि ज्यांचे हक्क आपल्यावर आहेत ते श्वास चालू असतानाच फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.